‘मला मार्ग हवा!’

मिसर देश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात, नाईल नदी वाहू लागते आणि फार तर क्लिओपात्रा राणी आठवते. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. परंतु माझाही मिसर क्लिओपात्रापाशीच संपत असे. त्यानंतरच्या दोन हजार वर्षांतही तिथे माणसे राहत होती, लग्ने करीत होती, भांडत होती, कोर्टाच्या पायऱ्या चढत होती आणि पुढे बोलपटही काढीत होती, हे मला खऱ्या अर्थाने उमगले ते माझ्या आत्यामुळे.

गेल्या पावसाळ्यात आत्या पाय मोडून दोन महिने माझ्याकडे मुक्कामाला होती. वय वर्षे शहाऐंशी; डोळे शाबूत, कान शाबूत आणि जीभ तर दोहोंपेक्षा शाबूत. संध्याकाळी तिचा वेळ जावा म्हणून माझा मुलगा तिला जुने बोलपट लावून देई. एके दिवशी त्याने ओमर शरीफचा एक बोलपट लावला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘डॉक्टर झिवागो’ यांतला हा देखणा नट आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. पण हा बोलपट त्याची कीर्ती जगभर होण्यापूर्वीचा, अरबी भाषेतला होता. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरे येत आणि मी ती वाचून आत्याला मराठीत सांगत होते. अर्धा तास झाला असेल नसेल, तोच आत्या म्हणाली, “त्या मुलाचं राहू दे गं. ती मुलगी कोण, ते सांग.”

ती मुलगी म्हणजे फातिन हमामा. अरबी मुलखात तिला ‘अरबी पडद्याची सम्राज्ञी’ अशा अर्थाच्या बिरुदाने ओळखत. तिचे बोलपट मग आम्ही एकामागून एक पाहिले, मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि इतिहासाच्या मास्तरणीला शोभणारा एक धडा मला त्यातून मिळाला. तोच आज वाचकांपुढे ठेवते.

फातिनचा जन्म २७ मे १९३१ चा, नाईलच्या मुखाजवळच्या मन्सूरा गावचा. वडील शिक्षणखात्यात नोकरीला. आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरासारखेच हे घर. असे सांगतात की, सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला आसिया दागिर या नामांकित नटीचा बोलपट पाहायला नेले होते. खेळ संपल्यावर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा ही चिमुरडी वडिलांना म्हणाली की, या टाळ्या आपल्यासाठीच आहेत असे तिला वाटले! पुढे मुलांच्या एका सौंदर्यस्पर्धेत तिला बक्षीस मिळाले. दिग्दर्शक महंमद करीम हे त्या वेळी एका लहान मुलीच्या शोधात होते. वडिलांनी तिचे छायाचित्र त्यांच्याकडे पाठवले, आणि १९४० साली ‘यौम सईद’ म्हणजे ‘सुखाचा दिवस’ या बोलपटात प्रख्यात गायक महंमद अब्दुल वहाब याच्याबरोबर ती पडद्यावर आली.

इथे थोडे थांबून तिथल्या चित्रसृष्टीचा काळ सांगायला हवा, म्हणजे या घटनेचे महत्त्व कळेल. मिसरमध्ये १९२७ साली अझीझा अमीर या बाईने स्वतः निर्माती होऊन ‘लैला’ हा मूकपट काढला. १९३२ साली तिथला पहिला बोलपट आला. त्याच वर्षी आपल्याकडे प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, हा योगायोग मराठी वाचकाला मौजेचा वाटेल. १९३५ साली बँक मिसरच्या भांडवलावर कैरोत ‘स्टुडिओ मिसर’ उभा राहिला आणि तिथले बोलपट मोरोक्कोपासून इराकपर्यंत जाऊ लागले. कैरोची बोली सगळ्या अरबी मुलखाला समजू लागली ती पुष्कळशी या बोलपटांमुळे. परंतु बोलपटात काम करणारी बाई म्हणजे घरंदाज नव्हे, हा समज तिथेही होता आणि इथेही होता. आपल्या दुर्गाबाई खोट्यांनी त्या काळी पडद्यावर पाऊल टाकले तेव्हा लोकांच्या भुवया किती उंचावल्या होत्या, हे जुन्या पिढीने ऐकलेले आहे. अशा दिवसांत शिक्षणखात्यातला एक नोकरदार बाप आपल्या मुलीचे बोट धरून स्टुडिओत येतो, ही गोष्ट लहान नव्हती. ‘चांगल्या घरची मुलगी’ हा शिक्का फातिनवर पहिल्या दिवसापासून बसला आणि तो तिने जन्मभर जपला. पुढे त्याचाच तिला केवढा उपयोग झाला, ते कथेच्या ओघात येईलच.

१९४६ साली पंधरा वर्षांची फातिन कैरोतल्या नाट्यशिक्षणाच्या उच्च संस्थेत शिकत होती. त्याच वर्षी यूसुफ वहबी या रंगभूमीवरच्या बड्या नटाने तिला आपल्या मुलीची भूमिका दिली, आणि मग भूमिकांचा पाऊस पडला. कसल्या भूमिका म्हणाल, तर साऱ्या एकाच साच्यातल्या. अनाथ मुलगी, फसवलेली मुलगी, आजारी मुलगी, सावत्र आईने छळलेली मुलगी. नाजूक बांधा, मोठे डोळे आणि कापरा आवाज. तिने रडायला सुरुवात केली की सारे थिएटर रुमाल काढीत असे. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, सोशिक. हा शब्द मी आत्याला सांगितला तेव्हा ती नुसतीच हसली. “सोशिक म्हणणं सोपं असतं,” एवढेच म्हणाली.

१९४७ साली, सोळाव्या वर्षी, तिने इझ्झुद्दीन झुल्फिकार या दिग्दर्शकाशी लग्न केले. हा गृहस्थ आधी लष्करात अधिकारी होता. त्यांना एक मुलगी झाली. पण संसार फार टिकला नाही आणि १९५४ साली दोघे वेगळे झाले. त्याच वर्षी यूसुफ शाहीन या तरुण दिग्दर्शकाने ‘सिराअ फिल-वादी’ म्हणजे ‘खोऱ्यातला झगडा’ हा बोलपट काढला. उसाच्या शेतांवरून जमीनदार आणि कुळे यांच्यात पेटलेल्या वैराची ही कथा. तिचा शेवट कर्णकच्या प्राचीन देवळाच्या अजस्र खांबांमध्ये घडतो. नायक अगदी नवखा होता. अलेक्झांड्रियातल्या ख्रिस्ती घराण्यातला हा मुलगा, नाव मिशेल शलहूब. पडद्यासाठी त्याने नाव घेतले ओमर शरीफ. आम्ही त्या संध्याकाळी पाहिला तो हाच बोलपट. त्यात नायिका नायकाचे चुंबन घेते, आणि सोशिक फातिनने असे काही करावे याचा त्या काळी फार बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, त्याने इस्लाम स्वीकारून तिच्याशी लग्न केले. त्यांना तारिक नावाचा मुलगा झाला.

प्रेमकथा म्हणून ही हकीगत गोड आहे आणि अनेकांनी ती तशी सांगितलीही आहे. मला तिच्यात वेगळेच काही दिसले. ते सांगण्यासाठी दोन आगगाड्यांचा दाखला द्यायला हवा.

पहिली आगगाडी १९६० सालची. ‘नहर अल्-हुब्ब’, म्हणजे ‘प्रेमाची नदी’, हा बोलपट टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’वरून मिसरी वेशात बांधलेला. वयाने मोठ्या, सत्ताधारी पाशाशी लग्न झालेली बाई. नवरा तिला सोडायला तयार नाही, आणि ती दुसऱ्यावर प्रेम करते. पाशाचे काम झकी रुस्तुम या नटाने असे केले आहे की, त्याची नुसती पावले वाजली तरी अंगावर काटा येतो. प्रियकर झाला होता ओमर शरीफ, आणि दिग्दर्शक होता झुल्फिकार, म्हणजे फातिनचा पहिला नवरा! ज्याच्यापासून ती रीतसर मोकळी झाली होती, त्याच्याच हाताखाली, नव्या नवऱ्याबरोबर, मोकळीक न मिळणाऱ्या बाईची भूमिका तिने केली. शेवट टॉलस्टॉयचाच. बाई गाडीखाली जाते. तिला दुसरा दरवाजाच नाही.

दुसरी आगगाडी १९६३ सालची. लतीफा अल्-झय्यात या लेखिकेची ‘उघडे दार’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १९६० साली आली होती. तिच्यावरून हेन्री बरकात या दिग्दर्शकाने बोलपट काढला. लैला ही मध्यम घरातली मुलगी. बाप कडक, प्राध्यापकाशी ठरवलेले लग्न, आणि चहूबाजूंनी ‘लोक काय म्हणतील’. १९५६ साली सुएझ कालव्यावरून इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायली फौजांनी मिसरवर हल्ला केला, त्या धामधुमीत ती कैरोच्या स्टेशनावर घरच्यांना आणि नियोजित वराला मागे टाकते आणि पोर्ट सैदला लढाईवर निघालेल्या लोकांच्या गाडीत चढते. अवघ्या तीन वर्षांत तीच नटी, तशीच आगगाडी. आधी ती गाडीखाली गेली, आता गाडीत बसली. हे पाहून आत्या म्हणाली, “आत चढायला कुणीतरी हात दिला असेल.” मी म्हटले, “हो, दिला.” “मग बरोबर,” आत्या म्हणाली.

बरकात यांच्याबरोबर तिने केलेल्या आणखी दोन बोलपटांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५९ सालचा ‘दुआ अल्-करवान’ हा अंध साहित्यिक ताहा हुसेन यांच्या कादंबरीवरून केलेला. एका इंजिनिअराने बहिणीला फसवले आणि घराण्याच्या अब्रूसाठी मामाने तिला ठार मारले. तेव्हा धाकटी बहीण आमना सूड घ्यायला त्याच इंजिनिअराच्या घरी मोलकरीण होऊन राहते. १९६५ सालचा ‘अल्-हराम’ म्हणजे ‘पाप’ हा यूसुफ इद्रीस यांच्या कथेवरचा. अझीझा ही हंगामी मजुरांच्या टोळीतली बाई. आजारी नवऱ्याला रताळे खावेसे वाटले म्हणून ती शेतात उकरायला जाते आणि तिथे एका पुरुषाच्या हाती सापडते. पुढे उघड्या शेतात ती बाळंत होते, मूल रडू नये म्हणून त्याचे तोंड दाबून धरते आणि तापात स्वतःही मरते. तो बोलपट कान येथील महोत्सवात गेला होता. आमच्या घरात मात्र तो संपल्यावर कुणी दिवा लावायलाही उठले नाही.

कीर्ती अशी शिखरावर असताना १९६६ साली ती देश सोडून निघून गेली. राष्ट्राध्यक्ष नासर यांचा तो काळ. कालवा देशाच्या ताब्यात घेणारा, गरिबांना जमिनी वाटणारा हा नेता लोकांना प्रिय होता. पण त्याच राजवटीत गुप्त पोलिसांचा सुळसुळाट होता. त्या खात्याचा आपल्यामागे ससेमिरा लागला होता, आपण त्यांचे काम करायला नकार दिला, म्हणून बाहेर पडावे लागले, असे तिने पुढे स्वतः सांगितले. बैरूत आणि लंडन येथे तिने पाच वर्षे काढली. तिला राष्ट्राचे धन म्हणणाऱ्या नासर यांनी लेखक मंडळींकरवी निरोप धाडले, तरी ती परतली नाही. १९७० साली नासर वारले आणि १९७१ साली ती मायदेशी आली. ओमर शरीफ तोवर जगाचा झाला होता. ती दोघे १९६६ पासूनच वेगळी राहत होती. १९७४ साली कायदेशीर फारकत झाली. पुढच्या वर्षी तिने एका डॉक्टरांशी लग्न केले आणि तो संसार अखेरपर्यंत टिकला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. परतलेल्या फातिनचे वय चाळीस. रडणाऱ्या पोरीच्या भूमिका संपल्या होत्या. १९७२ साली तिने सहा मुलांची विधवा आई केली. त्या घरातली मुले घरात लोकशाही हवी म्हणून चक्क निवडणूक घेतात, असा तो मजेदार बोलपट. आणि १९७५ साली आला ‘उरीदु हल्लन’. अर्थ सरळ आहे: मला मार्ग हवा. कथा हुस्न शाह या पत्रकार बाईची, दिग्दर्शन सईद मर्झूक यांचे.

दुर्रिया ही सुशिक्षित, प्रौढ स्त्री. नवरा परराष्ट्र खात्यातला मोठा अधिकारी, बाहेरख्याली आणि उर्मट. मुलगा हाताशी आलेला. ती नवऱ्याला म्हणते, मला मोकळी कर. तो नाही म्हणतो. बस्स, एवढीच कथा. नवऱ्याला तलाक द्यायला कारण लागत नव्हते आणि कोर्टही लागत नव्हते. बायकोने मागितला तर मात्र छळ सिद्ध करा, साक्षीदार आणा. दुर्रिया कोर्टात जाते. तारखांवर तारखा पडतात. नवरा खोटे साक्षीदार उभे करतो. कोर्टाच्या आवारात तिला तिच्यासारख्या कितीतरी बायका भेटतात. त्यांत एक म्हातारी आहे, अमीना रिझ्क या थोर नटीने केलेली. उभा जन्म संसार करून झाल्यावर नवऱ्याने तिला सोडले आहे आणि कायद्याने तिला पोटगी मिळते ती फक्त एका वर्षाची. वर्षे जातात, आणि शेवटी दुर्रिया दावा हरते.

यात एक प्रकार असा आहे की, ऐकताना मी दचकलेच. मिसरी कायद्यात ‘बैत अल्-ताआ’ नावाची एक तरतूद होती. शब्दशः अर्थ ‘आज्ञापालनाचे घर’. बायको घर सोडून गेली तर नवऱ्याने कोर्टातून हुकूम आणावा की, हिने माझ्या घरी येऊन राहावे. एके काळी हा हुकूम पोलिसांकरवी बजावला जाई. पोलिसांनी बाईला ओढत नेण्याची ती रीत १९६७ साली बंद झाली; पण हुकूम न पाळणारी बाई बंडखोर ठरून पोटगीला मुके, ते राहिलेच.

वाचकहो, हे परक्या देशाचे म्हणून नाक मुरडण्याची आपल्याला सोय नाही. मुंबईच्या हायकोर्टात १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून दावा लावला होता. तिचे लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. १८८७ साली न्यायाधीशांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी उत्तर दिले, मी तुरुंगात जाईन. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. तेव्हा कैरोतले ते ‘आज्ञापालनाचे घर’ मुंबईपासून फार लांब नव्हते.

‘उरीदु हल्लन’ने मिसरमध्ये मोठी खळबळ उडवली. एका बोलपटाने कायदे बदलतात असे मी म्हणणार नाही. त्यामागे वकील, चळवळ्या बाया आणि राजकारणी यांचे कष्ट असतात. पण त्यानंतर तिथल्या कुटुंबकायद्याचा वाद निघाला की या बोलपटाचे नाव निघाल्यावाचून राहिले नाही. १९७९ साली अध्यक्ष सादात यांच्या वटहुकमाने कायद्यात स्त्रियांच्या बाजूने सुधारणा झाली. सादात यांच्या पत्नीच्या नावावरून लोक त्याला ‘जिहानचा कायदा’ म्हणत. १९८५ साली तिथल्या घटनाविषयक न्यायालयाने वटहुकमाची रीत चुकली म्हणून तो रद्द केला, आणि त्याच वर्षी दुसरा, थोडा मवाळ कायदा आला. २००० साली मेहेर परत करून आणि पैशाचे हक्क सोडून नवऱ्याच्या संमतीवाचून काडीमोड घेण्याची मुभा, ज्याला ‘खुला’ म्हणतात, ती कोर्टातून मिळू लागली. दुर्रियाने मागितलेला मार्ग निघायला पंचवीस वर्षे लागली. आणि तोही बाईला पदरचे सोडायला लावणाराच निघाला.

मला विचार पडला तो असा. कोर्टातले हे दुःख वर्तमानपत्रांत आधी आले नसेल काय? आले असणार. मग लोकांनी ते या बोलपटातच का ऐकले? मला वाटते, ते फातिनने सांगितले म्हणून ऐकले. एखाद्या उच्छृंखल म्हणून गाजलेल्या नटीने ती भूमिका केली असती, तर ‘असल्या बायकांना घर नकोच असते’ असे म्हणून पुरुष मंडळी मोकळी झाली असती. पण ही तर त्यांच्याच घरची! पस्तीस वर्षे तिने पडद्यावर सोसले होते. बापांनी मुलींना निर्धास्तपणे तिचे बोलपट दाखवले होते. ती जेव्हा शांतपणे म्हणाली की, मला आता हे सोसवत नाही, तेव्हा तिला वाईट म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सोशिकपणाची ती सारी पुंजी तिने त्या एका प्रश्नासाठी खर्ची घातली.

पुढेही ती कामे करीत राहिली. १९८८ साली तिने कैरोच्या दाटीवाटीच्या वस्तीत मुले वाढवणारी गरीब विधवा केली, १९९१ साली दूरदर्शनमालिकेत मुख्याध्यापिका केली. १७ जानेवारी २०१५ रोजी ती वारली. त्याच वर्षी जुलैमध्ये ओमर शरीफही गेला.

‘उरीदु हल्लन’ संपला त्या रात्री मी आत्याचे अंथरूण घालत होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ती हरली, पण कोर्टात गेली तरी.” माझी आत्या लग्नानंतर दोन वर्षांत तीनदा माहेरी निघून आली होती, आणि तिन्ही वेळा आजोबांनी तिला स्वतः एस.टी.त बसवून परत पोचवले होते. आमच्या घरात ही गोष्ट कुणी बोलत नसे. मी धीर करून म्हटले, “आत्या, तुझ्या लग्नाआधीच, पंचावन्न साली, आपल्याकडे कायदा झाला होता गं. घटस्फोट मागता आला असता.”

“कायदा झाला असेल,” आत्या म्हणाली, “पण मला कुठं कुणी मागताना दिसलं होतं?”

मी दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने मुलाला हाक मारली आणि म्हणाली, “अरे, ती आगगाडीत चढते ना, तो परत लाव.”